जुळलं म्हणजे बरोबर?

या चिरंजीव, बसा. लॅपटॉप मिटून ठेव. आज मला तुझे रंगीत आलेख बघायचे नाहीत.

मसुदा वाचला. पुरवणीतल्या तक्त्यांसकट वाचला, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की हे तक्ते माझ्याआधी कोणी डोळ्यांखालून घातलेलेच नाहीत, लिहिणाऱ्यानेसुद्धा. सहीचं नंतर बघू. आधी सांग, सारांशात ‘उत्कृष्ट जुळणी’ लिहिलं आहेस ती कशाशी जुळणी, आणि किती? हे दोन शब्द पानागणिक आले आहेत. टक्केवारी मात्र अख्ख्या मसुद्यात एकदाच आली, आणि तीही सरासरी.

आयन निवडलास तो चांगला, हे कबूल करतो. लोह-१४. सूर्याच्या करोनातली ती प्रसिद्ध हिरवी रेषा त्याचीच. पण पान दोनवर ‘चौदा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह’ असं लिहून ठेवलंस! अरे, तटस्थ अणू पहिला धरतात, म्हणून लोह-१४ म्हणजे तेरा गेलेले. लोहाचे एकूण सव्वीस, त्यातले तेरा गेले, तेरा उरले, म्हणून त्याची रचना अल्युमिनियमसारखी. हे एम.एस्सी.ला शिकवलं होतं. ज्याला किती इलेक्ट्रॉन आहेत हेच मोजता येत नाही, त्याच्या दशांश चिन्हापुढच्या सहा आकड्यांवर मी कशाच्या भरवशावर विश्वास ठेवू?

हो, त्या सहा आकड्यांबद्दलच बोलायचं आहे. ऊर्जापातळ्यांच्या तक्त्यात प्रत्येक किंमत दशांश चिन्हानंतर सहा घरं. प्रोग्रामने तेवढे छापले म्हणून तूही तेवढे छापलेस. तुझ्या दोन कॉन्फिगरेशन-संचांतून आलेली उत्तरं तिसऱ्याच आकड्याला वेगळी होतात. मग चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचे आकडे कोणासाठी आहेत? वाचणाऱ्याला वाटावं की हिशोब फार बारकाईने केला आहे, एवढ्यासाठीच ना? याला मी अप्रामाणिकपणा म्हणत नाही, कारण तू मुद्दाम केलेलं नाहीस. निष्काळजीपणा म्हणतो, आणि तो मुद्दाम केलेला नसला तरी माफ होत नाही.

आता ती सरासरी. ‘प्रयोगाशी सरासरी फरक ०.६ टक्के.’ वा! तुझ्या तक्त्यातल्या बहुतेक पातळ्या दोन लाख सेंटिमीटर-इन्व्हर्सच्या वर आहेत, ३डी-च्या तर पावणेपाच लाखांच्या घरात. एवढ्या मोठ्या संख्यांत टक्केवारी लहान येणारच. पण ज्या एका अंतरासाठी हा आयन जगाला माहीत आहे, ते तळाच्या पातळीचं फुटणं, ते आहे १८,८५२. तुझ्या तक्त्यात १९,४००. म्हणजे २.९ टक्के चूक. ती तू उंच पातळ्यांच्या गर्दीत मिसळून सरासरीत विरघळवून टाकलीस. तळाच्या ओळीसमोर वेगळी टक्केवारी लिहिली असतीस तर तुझं तुलाच दिसलं असतं.

आणि ‘सर, तीन टक्केच तर आहे’ असं म्हणू नकोस. घे खडू, फळ्यावर लिही. ही रेषा चुंबकीय द्विध्रुवी, आपण एम-वन म्हणतो ती. तिचा उत्सर्जन दर, आपली ए-व्हॅल्यू, म्हणजे २.६९७४ गुणिले दहाचा तेरावा घात, गुणिले रेषेची ताकद, भागिले वरच्या पातळीचं सांख्यिक वजन आणि तरंगलांबीचा घन. तरंगलांबी अँगस्ट्रॉममध्ये. वजन इथे चार. ताकद या जोडीसाठी कोनीय संवेगाच्या बीजगणितातूनच येते, चार-तृतीयांश. त्यासाठी संगणक लागत नाही. राहिली तरंगलांबी. खरी घातलीस, निर्वातातली, ५३०४ अँगस्ट्रॉमच्या जरा वर, तर दर येतो सेकंदाला ६०.२. पातळीचं आयुष्य १६.६ मिलिसेकंद. आता तुझं १९,४०० घाल. तरंगलांबी ५१५५, दर ६५.६, आयुष्य १५.२. तीन टक्क्यांचे नऊ झाले, कारण तरंगलांबी घनात बसली आहे. तुझ्या पुरवणीत इलेक्ट्रिक क्वाड्रुपोल रेषाही आहेत. तिथे पाचवा घात असतो, तीच चूक पंधरा टक्के होते. हे गणित करायला मला एवढा वेळ लागला. तुझ्या हातात तो प्रोग्राम सबंध वर्ष आहे.

बरं, मोजलेली किंमत काय आहे? हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत हे आयन इलेक्ट्रॉन-झोताच्या सापळ्यात पकडून, झोत बंद करून, हिरवा उजेड मावळताना मोजला. २००७ साली छापलं. १६.७३ मिलिसेकंद, आणि अनिश्चितता त्यातल्या शेवटच्या घरात एक-दोनाची. फळ्यावरच्या १६.६ शी हे जवळजवळ जुळतं, पण पूर्ण जुळत नाही. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णात जी किंचित भर असते, जी न घेता चालत नाही, ती घेतली की सिद्धान्ताचं आयुष्य आणखी अर्धा टक्का कमी होतं आणि तफावत वाढते. म्हणजे सगळं नीट करूनही साधारण एक टक्का हिशोबाला लागत नाही. हा एक टक्का खरा प्रश्न आहे. त्यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी आनंदाने वाचीन. तुझ्या मसुद्यात त्याचा उल्लेख नाही. असणार कसा? तुझ्या नऊ टक्क्यांच्या खाली तो दिसतच नाही.

आणखी एक. एका रकान्यात ५३०३ आणि शेजारच्या रकान्यात ५३०४. एक हवेतली तरंगलांबी, दुसरी निर्वातातली; दोन हजार अँगस्ट्रॉमच्या वर जुन्या तक्त्यांत हवेतली देण्याची पद्धत आहे. तू दोन ठिकाणांहून उचललंस आणि डोक्यावर एकच मथळा ठेवलास. ‘तरंगलांबी.’ कुठली?

एवढ्याशा फरकाने काय होतं, असं तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. मग या रेषेचीच गोष्ट ऐक, कारण प्रस्तावनेत तू तिचा इतिहास चुकीचा लिहिला आहेस.

१८६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं. चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना करोनाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली. यंगने ती किर्खहॉफच्या पट्टीवर १४७४ च्या खुणेशी धरली, म्हणजे आजच्या मापात सुमारे ५३१७ अँगस्ट्रॉम. तिथे सूर्याच्या वर्णपटात लोहाची एक रेषा होतीच. झालं! जागा जुळली, पक्कं झालं, पुस्तकांत गेलं. पुढची जवळजवळ तीस वर्षं ही रेषा चौदा अँगस्ट्रॉम चुकीच्या जागी बसून राहिली. २२ जानेवारी १८९८ ला ग्रहणाची सावली आपल्या इकडून गेली. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला येऊन बसले होते. सोलापूरकडे जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले आपले कावसजी दादाभाई नायगामवाला आपली दुर्बीण घेऊन तिथेच होते. त्या ग्रहणाच्या फोटोंवरून रेषा नीट मोजली गेली तेव्हा कळलं, ती ५३०३ ला आहे. मग मात्र तिथे ओळखीचं कुठलंच मूलद्रव्य बसेना. ‘कोरोनियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य लोक आधीपासून मानत होते, ते आणखी पक्कं झालं. १९३९ मध्ये ग्रोट्रियानने पहिला धागा पकडला, आणि पुढे दोन-तीन वर्षांत स्वीडनच्या बेंग्ट एडलेनने ती गाठ सोडवली: हे लोहच, पण तेरा इलेक्ट्रॉन उडालेलं. करोनाचं तापमान दहा लाख अंशांच्या पुढे आहे हे त्यातून पदरात पडलं.

मजा बघ. पहिल्यांदाही उत्तर ‘लोह’ होतं, शेवटीही ‘लोह’. पहिलं उत्तर तरीही चूक होतं, कारण ते चुकीच्या रेषेशी जुळवलेलं होतं. एडलेनकडे संगणक नव्हता. प्रयोगशाळेत मोजलेल्या अतिनील रेषांवरून त्याच रचनेच्या आयनांची ओळ लावून, एकेक आकडा पुढच्याशी ताडून, त्याने तळाचं अंतर काढलं. समइलेक्ट्रॉनी ओळीवर किंमत गुळगुळीत बसते का, ही तपासणी तुझ्या मसुद्यात कुठे आहे? कोबाल्ट-१५ आणि निकेल-१६ तूच त्या प्रोग्राममधून एका दुपारी काढू शकला असतास.

आणि विजयदुर्गाचं. प्रस्तावनेत तू लिहिलंस, ‘लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला.’ कुठून उचललंस ते विचारत नाही. आपल्याकडे दरवर्षी छापून येतं. १८६८ च्या ऑगस्टमधलं ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून पाहिलं. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होते, आणि ऑक्टोबरात ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेत होते. विजयदुर्गाला ते आले १८९८ साली. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्या मुक्कामाचे. तीस वर्षांची चूक एका वाक्यात, आणि तीही आपल्याच किनाऱ्याबद्दल. घरच्या गोष्टीची तारीख जो तपासत नाही तो लोहाची ए-व्हॅल्यू तपासेल? ते वाक्य काढ.

आता तुझ्या बचावाकडे येऊ. ‘अचूकतेची पडताळणी’ या शीर्षकाखाली तीन पुरावे दिले आहेस. एकेक घेतो.

पहिला: लेंग्थ आणि व्हेलॉसिटी, दोन्ही रूपांतून आलेले दर पाच टक्क्यांच्या आत जुळतात. तरंगफलन बिनचूक असेल तर दोन्ही रूपं एकच उत्तर देतात, हे खरं. उलटं खरं नाही! एकाच स्थानिक विभवात सोडवलेली एका इलेक्ट्रॉनची फलनं घे. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन कोरिलेशनचा त्यात मागमूस नसला तरी दोन्ही रूपं सुतासारखी जुळतील, आणि उत्तर चूक असेल. रूपं जुळली नाहीत तर गडबड आहे एवढं नक्की कळतं. जुळली तर अजून काहीच कळलेलं नसतं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे तुझी मुख्य रेषा एम-वन आहे. चुंबकीय संक्रमणांना लेंग्थ आणि व्हेलॉसिटी असे दोन गेज नसतातच! जी तपासणी त्या रेषेला लागू होत नाही तिचा दाखला तू त्याच परिच्छेदात, त्याच रेषेसाठी दिलास. हे वाचून मी पेन खाली ठेवलं.

दुसरा पुरावा: ग्रास्प आणि फॅक, दोन स्वतंत्र प्रोग्राम, एकमेकांशी जुळतात. स्वतंत्र कसले? दोन्हींना कॉन्फिगरेशनची यादी तूच दिलीस, तीच दिलीस. दोन्हींत तू आतलं २पी कवच बंद ठेवलंस. मग जे दोघांनाही घ्यायचंच नव्हतं ते दोघांतही गळलं, आणि उत्तरं जुळली. एकाच गाईडमधून दोघांनी पाठ करून एकच चुकीचं उत्तर लिहिलं तर परीक्षक काय म्हणतो, हे तुला सांगायला नको. तपासणी करायची तर यादी वाढव. ४एफ घे, ५एस-५पी-५डी घे, मग आतल्या कवचातून एक इलेक्ट्रॉन उचल, आणि प्रत्येक पायरीला तळाचं अंतर आणि पाच-सहा महत्त्वाच्या रेषांचे दर कसे हलतात ते लिही. हलणं थांबतंय का, की एकीकडून दुसरीकडे डोलतंय? नुसती यादी फुगवली म्हणजे अचूकता वाढते असंही समजू नकोस. खालच्या पातळीला भरपूर कोरिलेशन दिलं आणि वरच्या पातळीला थोडं, तर दोघांमधलं अंतर आधीपेक्षा बिघडतं. समतोल साधावा लागतो. तो प्रोग्राम साधत नाही, माणूस साधतो.

तिसऱ्या पुराव्याबद्दल मला खरोखर राग आला. तक्ता चारमध्ये तू गणितातल्या ऊर्जा प्रयोगाच्या ऊर्जांकडे सरकवल्या आहेस. चालतं, हिबर्टने बेलफास्टला सीव्ह-थ्री हा प्रोग्राम लिहिला तेव्हापासून लोक मॅट्रिक्सच्या कर्णरेषेवरच्या किमती थोड्या हलवून हे करत आले आहेत, आणि दुबळ्या रेषांसाठी त्याचा उपयोगही होतो. पण हलवून घेतल्यावर तीच जुळणी तू पुढच्या पानावर पुरावा म्हणून मांडलीस. म्हणजे उत्तर बघून गणित केलं आणि मग उत्तर बरोबर आलं म्हणून पाठ थोपटून घेतली. मूळ, न हलवलेले आकडे पुरवणीतही नाहीत. ते आधी छाप. हलवलेले शेजारच्या रकान्यात छाप. दोन्हींत फरक किती, ते वाचणाऱ्याला दिसू दे.

आयुष्यकाळांचा तक्ताही तसाच. आयुष्य म्हणजे त्या पातळीतून निघणाऱ्या सगळ्या दरांच्या बेरजेचा व्यस्त. बेरीज एखाद-दुसऱ्या दणकट रेषेची असते. ती बरोबर आली की आयुष्य बरोबर येतं, आणि बाकीच्या दुबळ्या रेषा दुप्पट-तिप्पट चुकल्या तरी कोणाला पत्ता लागत नाही. ऑसिलेटर स्ट्रेंथ दहाच्या उणे पाचव्या-सहाव्या घातावर असलेल्या रेषा तू दणकट रेषांच्याच थाटात, तितकेच आकडे देऊन छापल्या आहेस. त्या रेषांमध्ये मोठ्या अधिक-उण्या संख्या एकमेकींना खातात आणि तळाशी गाळ उरतो. तो गाळ तू चार आकड्यांत मोजलास.

पातळ्यांच्या नावांवर फार वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेव: एकूण कोनीय संवेग आणि समता यांवर विश्वास ठेवायचा, बाकीचं नाव हे सगळ्यात मोठ्या घटकाचं नाव असतं, आणि मिश्रण जोरदार असेल तर तो घटक चाळीस टक्केही असेल. तुझ्या तक्त्यात दोन पातळ्यांना एकच नाव आहे. कोणालाही विचार, एकाच वर्गात एकाच रोल नंबरची दोन मुलं नसतात.

‘पण सर, सगळे असंच करतात.’ हे वाक्य तू आता बोलणार आहेस, म्हणून आधीच उत्तर देतो. सगळे करत होते, आणि त्याचं काय झालं ते लोह-१७ ला विचार.

लोह-१७ निऑनसारखं, दहा इलेक्ट्रॉनांचं. क्ष-किरणांत त्याच्या दोन रेषा तळपतात, १५.०१ आणि १५.२६ अँगस्ट्रॉमला; धंद्यातली नावं थ्री-सी आणि थ्री-डी. सूर्य घे, कॅपेला तारा घे, १९९९ साली वर गेलेल्या चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींतून पाहिलेली कुठलीही तापलेली वस्तू घे, या दोघी असतातच. त्यांच्या तीव्रतेचं गुणोत्तर तापलेल्या वायूची अवस्था ओळखायला वापरायचं. गणितातून ऑसिलेटर स्ट्रेंथचं गुणोत्तर साडेतीनच्या आसपास येत होतं. लिव्हरमोरच्या सापळ्यात १९९८ मध्ये ३.०४ मिळालं, अधिक-उणे ०.१२. आकाशात तर आणखी कमी. मग वाद. कोणी म्हणे, थ्री-डी वर लोह-१६ ची रेषा चढून बसते. कोणी म्हणे, इलेक्ट्रॉनच्या धडकांच्या हिशोबात चूक आहे. २०१२ मध्ये हायडेलबर्गच्या लोकांनी सापळाच उचलून स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेझरपुढे ठेवला. धडकांचा प्रश्नच मिटवला. उत्तर २.६१, अधिक-उणे ०.२३. म्हणजे दोष थेट तरंगफलनांवर आला! त्यावर सैद्धान्तिक लोकांनी लाखांवर कॉन्फिगरेशन-फलनं घेऊन पुन्हा गणितं केली. उत्तर साडेतीनच्या खाली हटेना. कोणी लेझरच्या तीव्रतेचा दोष काढला. २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या पेट्रा-थ्री या यंत्रावर पुन्हा मोजलं: ३.०९. अजून दूरच. आणि २०२२ मध्ये त्याच गटाने, त्याच ठिकाणी, वियोजन आणि गोंगाट दोन्ही सुधारून मोजलं तेव्हा ३.५१ आलं, अनिश्चितता ०.०२ आणि ०.०७. गणिताशी जुळलं. आधी काय होत होतं? रेषांचे पसरलेले पंख पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडालेले असायचे, ते मोजलेच जात नव्हते.

बघ, सिद्धान्त जिंकला, म्हणून छाती फुगवायला लागलास! थांब. यातून तू काय उचलायचं ते मी सांगतो. ज्यांची गणितं टिकली त्यांनी आपल्या आकड्याची हद्द काढली होती. यादी वाढवून पाहिली, ब्राइट आणि क्वांटम विद्युतगतिकीच्या दुरुस्त्या घातल्या, वेगवेगळ्या पद्धतींनी तेच उत्तर काढलं, आणि मग ठामपणे सांगितलं की हे गुणोत्तर आमच्याकडून तीनवर येऊ शकत नाही. प्रयोगवाल्यांनीही प्रत्येक वेळी आपली अधिक-उणे लिहिली. दोन्ही बाजूंनी हद्दी लिहिल्या होत्या म्हणूनच भांडण उभं राहिलं आणि सुटलं. तुझ्यासारखे ‘उत्कृष्ट जुळणी’वाले असते तर २.६१ आणि ३.५ ला ‘समाधानकारक’ म्हणून पुढे गेले असते.

प्रयोगही चुकतो हे तुला माहीत असावं म्हणून आणखी एक उदाहरण, थोडक्यात. कार्बन-३ ची १९०९ अँगस्ट्रॉमची आंतर-संयोगी रेषा, तेजोमेघांत घनता काढायला वापरतात ती. १९९३ मध्ये सापळ्यात दर मिळाला सेकंदाला १२१, अधिक-उणे ७. गणितं १०४ च्या आसपास अडून बसली होती. १९९७ मध्ये हायडेलबर्गच्या साठवण-कड्यात मोजलं: १०२.९४, अधिक-उणे ०.१४. ज्यांनी १९९३ च्या आकड्याकडे पाहून आपली ऊर्जा आणि मिश्रण हलवून घेतलं असतं, त्यांची जुळणी उत्कृष्ट झाली असती आणि उत्तर सतरा टक्के चुकलं असतं.

आता तुझे आकडे जातात कुठे, ते बघ. किऑन्टीसारख्या डेटाबेसमध्ये असे तक्ते जातात, तिथून सूर्याच्या वर्णपटावर काम करणाऱ्या शेकडो लोकांच्या प्रोग्राममध्ये. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ वर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेला व्हेल्क करोनाग्राफ आहे. त्याच्या वर्णपटमापकासाठी निवडलेल्या रेषांत पहिली कुठली? ५३०३. तुझीच. दुसऱ्या दोन लोह-११ आणि लोह-१३ च्या. तिकडची कोणी मुलगी तुझी ए-व्हॅल्यू फाईलमधून उचलून मॉडेलमध्ये घालेल, आणि तिची करोनाची घनता चुकेल. तिने काही चूक केलेली नसेल. चूक तुझ्या तक्त्यातल्या पहिल्या ओळीत असेल, आणि तिला ती दिसणार नाही, कारण तू शेजारी अनिश्चितता लिहिलीच नाहीस.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचे लोक अनिश्चितता लिहायचं काम उगाच करत नाहीत. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक दराला श्रेणी असते: ‘एए’ म्हणजे एक टक्क्याच्या आत, ‘ए’ तीन टक्के, ‘बी’ दहा, ‘सी’ पंचवीस, ‘डी’ पन्नास, आणि ‘ई’ म्हणजे त्याहूनही वाईट. आणि त्या ‘ई’ ची त्यांना लाज वाटत नाही, छापतात. तुझ्या तक्त्यातल्या निम्म्याहून जास्त दुबळ्या रेषा प्रामाणिकपणे ‘डी’ किंवा ‘ई’ आहेत. तू लिहिलं नाहीस म्हणून त्या ‘ए’ होत नाहीत. फिजिकल रिव्ह्यू ए ने २०११ मध्येच संपादकीय लिहून सांगितलं आहे की सैद्धान्तिक निकालांसोबतही अनिश्चिततेचा अंदाज अपेक्षित आहे. त्या वर्षी तू शाळेत होतास, म्हणून माफ. पण तेच नियतकालिक तू पाठवायचं ठिकाण म्हणून पहिल्या पानावर लिहिलं आहेस. त्यांचे नियम तरी वाचायचे.

रडवेला होऊ नकोस. तुझी गणितं करायची कुवत नसती तर मी एवढा वेळ बसलोच नसतो. मसुदा परत पाठवून दिला असता. प्रोग्राम तू नीट चालवतोस. चालवून झाल्यावर विचार करत नाहीस, एवढंच.

तर काय करायचं ते लिहून घे. ऊर्जापातळ्यांचा तक्ता फाडून टाक. तळाच्या जोडीपासून सुरुवात कर, २पी कवच उघड, यादी पायरीपायरीने वाढव, आणि प्रत्येक पायरी छाप, जिथे बिघडलं तीसुद्धा. कोबाल्ट-१५ आणि निकेल-१६ काढ. न हलवलेल्या ऊर्जा वर, हलवलेल्या खाली. प्रत्येक दरासमोर श्रेणी, आणि ती कशावरून दिली याचं एक वाक्य. शंका असेल तर खालची श्रेणी. एम-वन रेषेच्या परिच्छेदातून गेजचा उल्लेख काढ. हवेची आणि निर्वातातली तरंगलांबी वेगळी कर. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाची भर घालून आणि न घालता, दोन्ही आयुष्यं दे, आणि १६.७३ शी किती जुळत नाही ते स्वच्छ लिही. सारांशातला ‘उत्कृष्ट’ हा शब्द मला पुन्हा दिसता कामा नये. तिथे टक्के लिही.

आणि हे सगळं झालं की तक्ते कागदावर छापून आण, पडद्यावर नको. पहिल्या ओळीतला प्रत्येक आकडा तू मला खडू-फळ्यावर काढून दाखवायचास. त्याच्याआधी मी सही करणार नाही.